अर्ध्या यात्रेचं मावंदं

माझे पती हिमालयात एका शिखराच्या वाटेवरून उतरताना वारले. वार शुक्रवार होता. मी त्या वेळी छुकुंग नावाच्या वस्तीत, लॉजच्या जेवणघरात पुस्तक वाचत बसले होते. दुपारी आमच्या तुकडीचा वाटाड्या आला, टोपी काढून बाकावर बसला आणि त्यानं सांगितलं. मी पुस्तकात खूण घातली आणि ते मिटलं.

मी बारामतीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. पुस्तक मिटण्याआधी खूण घालायची, ही हाताची सवय आहे. पुढे बरेच दिवस मला त्या खुणेचं काहीतरी वाटत राहिलं. मग तेही वाटेनासं झालं.

घरात मी त्यांना अहो म्हणत असे. लिहितानाही 'ते' असंच येतं, तर तसंच राहू देते. लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ते देखभालीचं काम बघत. पंप, कॉम्प्रेसर, बॉयलर. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस. आम्हाला मूल नाही. सुट्टीच्या दिवशी मी वाचायची आणि ते चालायला जायचे. चाळिशीनंतर कधीतरी हिमालयाचं त्यांच्या मनात आलं. कुठून आलं ते मला सांगता येणार नाही. त्यांनीही कधी सांगितलं नाही.

पुण्याची एक मंडळी दरवर्षी माणसं घेऊन नेपाळात जायची. त्यांच्या बेतात दोन भाग होते. आधी एव्हरेस्टच्या बेस कॅम्पपर्यंतचा ट्रेक, आणि त्याच खेपेत पुढे आयलंड पीक नावाच्या शिखराची चढाई. माहिती द्यायला बसलेल्या तरुणानं नीट समजावून सांगितलं. ट्रेकमध्ये शरीर विरळ हवेला सरावतं, तेवढ्यात शिखर जोडून घ्यायचं. वेगळं गेलात तर पुन्हा पहिल्यापासून सराव. यांना ते फार पटलं. "म्हणजे मशीन गरम आहे तोवर काम उरकून घ्यायचं," ते म्हणाले. तो तरुण हसला. मी ट्रेकला हो म्हटलं, शिखराला नाही. ते वर जाऊन येईपर्यंत मी खालच्या वस्तीत बसून वाचायचं, असं आमचं ठरलं.

आमच्याकडे चढ नाही. चढ म्हणजे कालव्याचा भराव, नाहीतर पाण्याच्या टाकीचा जिना. ते सॅकमध्ये साखरेच्या पिशव्या भरून कालव्याच्या कडेनं चालायचे. रानातली माणसं थांबून बघायची.

"काय सायब, गाडी बंद पडली का?"

"नाही, चालतोय."

"वझं घिऊन?"

"सराव करतोय. डोंगर चढायचाय."

"मग आमच्या वाढ्याचा भारा न्या की गोठ्यापातूर. तुमचा सराव बी हुईल आन् म्हसरास्नी वैरण बी."

एकदा त्यांनी खरंच उसाच्या वाढ्याचा भारा डोक्यावर घेतला आणि त्या माणसाच्या गोठ्यात नेऊन टाकला. घरी आले तेव्हा मानेवर पातीचे चरे उठले होते. मी खोबरेल लावलं. काही रविवारी आम्ही दोघं सुप्याकडच्या माळावर जायचो. ते पुढे, मी बरीच मागे. गवतातून चिंकारा मान वर करून आमच्याकडे बघायचे आणि पुन्हा चरायला लागायचे.

त्यांचं गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्यापासून जवळ. तिथे सासूबाई आणि धाकटे दीर असतात. सासूबाईंना मी आत्या म्हणते, दिरांना भाऊजी. दोराचा सराव करायला झाड हवं म्हणून हे गावी गेले आणि रानातल्या चिंचेला दोर बांधून त्यावर चढउतार करू लागले. शिखराच्या शेवटच्या टप्प्यात बर्फाची भिंत आहे, तिथे दोराला एक लोखंडी पकड लावून वर सरकावं लागतं. ती पकड दोरावर वर सरकते, खाली घसरत नाही. बघायला भावकीतली माणसं जमली.

"दादा, हीर खांदायची काय?"

"आमी रोज इहिरीत उतरतो लेका, आमाला कुनी टाळ्या वाजवत न्हाय."

"तू वर चढत न्हाईस, खाली जातोस. खाली जायाला टाळ्या नसत्यात."

सगळे हसले. आत्या लांबून आल्या आणि मुलाला म्हणाल्या, "झाडाला दोर बांधून लोंबकळू नगंस. वंगाळ दिसतं." मग कुणी हसलं नाही. यांनी दोर सोडला, गुंडाळला आणि त्यानंतर गावी सराव केला नाही.

त्याच दुपारी जेवताना आत्यांनी विचारलं, "केदारनाथाला चाललाय का?"

"नाही आई. नेपाळात."

"मग पशुपतिनाथ?"

"जाताना दर्शन घेऊ. पण जायचंय ते पुढे. डोंगरावर."

"डोंगरावर देव कुठला हाय?"

ते घास चावत राहिले. मग म्हणाले, "आई, हिमालय आहे तो. सगळा देवाचाच."

आत्यांनी हे मनाशी तोलून बघितलं असावं. भाकरी मोडून त्यांच्या ताटात घालत म्हणाल्या, "मंग यात्राच म्हनायची. दोघं नीट जाऊन या. आल्यावर मावंदं घालू."

काशी किंवा रामेश्वर करून आलेल्या माणसानं गावाला जेवण घालायचं, त्याला आमच्याकडे मावंदं म्हणतात. तो घरी आला की दारात त्याचे पाय धुतात. गंगेच्या पाण्याची पूजा होते आणि मग पंगत बसते. ते होईपर्यंत यात्रा पुरी झाली असं जुनी माणसं धरत नाहीत. आत्यांच्या घरात शेवटचं मावंदं सासऱ्यांच्या आईचं झालं होतं. आता आपल्या हातून एक होणार, याचा त्यांना आनंद होता. आम्हीही ती गोष्ट हसून सोडून दिली. समजावून सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलं नाही.

ट्रेकचं मला फार लिहायचं नाही. पुष्कळांनी लिहिलं आहे. लोखंडी पूल, याकच्या गळ्यातल्या घंटा, लसणाचं सूप, रोज थोडं वर जाणं आणि रोज डोकं थोडं जड होणं. बेस कॅम्प म्हणजे दगडांचा आणि बर्फाचा एक ढीग होता. तिथे आमचा दोघांचा फोटो काढला गेला. मला तेवढं पुरे होतं. माझा भाग संपला होता.

छुकुंगला पोचल्यावर तुकडी दोन झाली. शिखराला जाणारे पाच जण गुरुवारी सकाळी निघाले. सगळ्यांनी काठमांडूत एकाच दुकानातून भाड्यानं जॅकेटं घेतली होती, सगळी लाल. हे लॉजच्या पायरीवर बसून बुटाच्या नाड्या बांधत होते. मध्येच थांबून म्हणाले, "घरी गॅस बंद केलाय ना गं?"

"निघताना तुम्हीच बघितलात."

"मी बघितला?"

"दोनदा."

"मग असेल बंद," म्हणाले आणि दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हेच शेवटचं वाक्य. मग ते इतरांबरोबर निघाले. वाट एका दगडी भिंतीमागे वळते तिथपर्यंत पाच लाल जॅकेटं दिसत होती. त्यातलं कुठलं त्यांचं ते मला चालीवरून कळत होतं.

शुक्रवारी दुपारी वाटाड्या आला तेव्हा मी त्याला काहीही विचारलं नाही. त्यानंच सांगितलं, तुटक हिंदीत.

"दीदी, सर बर्फ शुरू होता है वहाँ तक आया. वहाँ सर ने खुद बोला, बस. मैं बोला, थक गया क्या? सर बोला, थका नहीं. बस हो गया. मिसेस नीचे बैठी है."

बाकीचे चौघं दुसऱ्या वाटाड्याबरोबर वर गेले. हे या वाटाड्याबरोबर परत फिरले. बिस्किट खाल्लं, पाणी प्यायले, बरं चालत होते. खडकाळ उतार जवळजवळ संपत आला होता. मग ते एका दगडावर बसले. वाटाड्याला वाटलं, नाडी सुटली असेल. ते परत उठले नाहीत. हृदय बंद पडलं, असं पुढे काठमांडूच्या डॉक्टरांनी सांगितलं. उंचीमुळे का, हे त्यांनाही ठाम सांगता आलं नाही.

मी चहा मागवला. वाटाड्यासाठी आणि माझ्यासाठी. तो रडत होता आणि मला त्याच्यासाठी काहीतरी करायला हवं होतं. शेगडीत शेणी जळत होती. पलीकडच्या टेबलावर परदेशी मुलं पत्ते खेळत होती. त्यांच्यातल्या एकीनं माझ्याकडे बघितलं आणि पत्ते खाली ठेवले. मग सगळ्यांनीच ठेवले.

तिकडे सकाळीच गावाला वेगळी बातमी गेली होती. शिखरावर पोचलेल्या चौघांतल्या एकाला माथ्यावर फोनची रेंज मिळाली. त्यानं तुकडीतल्या सगळ्यांच्या नातेवाइकांसाठी केलेल्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, शिखर सर. फोटोत लाल जॅकेटं, काळे चष्मे, तोंडावर गुंडाळलेली फडकी. मागे आभाळ. चेहरा एकाचाही दिसत नव्हता. भाऊजींनी त्यातल्या एका उंच माणसाला आपला भाऊ धरलं. यांची उंची तेवढीच होती. दुसरं काही धरायचं त्यांना कारणच नव्हतं.

आमच्याकडे कुणी पोलीस भरतीत निवडला गेला तरी चौकात फ्लेक्स लागतो. भाऊजी तसेच भिगवणला गेले. दुपारपर्यंत फ्लेक्स छापून आला आणि संध्याकाळी गावाच्या कमानीला लागला. एका बाजूला तो शिखरावरचा फोटो, एका बाजूला यांचा सूटमधला, भाऊजींच्या लग्नात काढलेला. वर झेंडूच्या माळांचं चित्र. 'हिमालयावर तालुक्याचा झेंडा फडकवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुकांचे चेहरे, गोल गोल चौकटीत.

माझा फोन त्यानंतर लागला. भाऊजींनी उचलल्या उचलल्या ओरडून म्हटलं, "वैनी! फोटो बघितला का? दादानं करून दावलं!" मागे फटाके वाजत होते.

"भाऊजी," मी म्हटलं, "आधी फटाके थांबवा."

"काय? ऐकू येत न्हाय!"

"फटाके थांबवायला सांगा."

ते लांब जाऊन कुणावर तरी ओरडले. आवाज थांबला. मग मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "कुठला दादा?" दोन भाऊ, त्यांतला थोरला एकच. तरी त्यांनी तसं विचारलं आणि मीही यांचं नाव घेऊन उत्तर दिलं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर तेव्हाच.

पार्थिव विमानानं पुण्याला आणि तिथून रुग्णवाहिकेतून सोलापूर रस्त्यानं गावी आलं. मी आत बसले होते. गावाच्या कमानीशी गाडी हळू झाली तेव्हा मी बाहेर बघितलं. कमानीच्या डाव्या खांबाला झेंडूच्या माळांचा फ्लेक्स तसाच होता. उजव्या खांबाला दुसरा, काळ्या कडांचा, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. दोन्हीकडे तोच सूटमधला फोटो. शुभेच्छुकांचे चेहरे तेच, फक्त त्यांना आता शोकाकुल म्हटलं होतं. गाडी मधून गेली.

नंतर कधीतरी भाऊजी आपणहून म्हणाले, "पोरं म्हनत हुती, पयला काढावा. मी म्हनलं, न्हाय काढायचा. दोन्ही खरं हाय. वर बी गेला आन् गेला बी."

त्यांचे डोळे सुजलेले होते. मी मान हलवली. कशाला हलवली ते कळत नाही. त्या दिवसांत कुणीही काहीही म्हटलं की मी मान हलवत असे.

रानात, चिंचेपासून थोड्या अंतरावर, अंत्यविधी झाला. आमच्याकडे सरणाजवळ भाषणं होतात. एकानं सांगितलं, यांनी तालुक्याचं नाव हिमालयाच्या माथ्यावर कोरलं. दुसऱ्यानं सांगितलं, मरण सगळ्यांनाच आहे, पण शिखरावर पाय ठेवून मरण क्वचित कुणाला. तिसऱ्याला माईक मिळेपर्यंत ऊन चढलं होतं. मी ऐकत होते. ते ज्या माणसाविषयी बोलत होते तो मला माहीत नव्हता. त्यामुळे ऐकायला त्रास झाला नाही.

पुढेही भेटायला येणारे तेच बोलत. वर पोचला, हे काय कमी आहे? इच्छा पुरी करून गेला. खरं काय झालं असं मला कुणी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगायला माणसाकडे जी शक्ती लागते ती माझ्याकडे नव्हती. मी सुट्टी संपल्यावर कामावर गेले. पुस्तकं देणं, घेणं, फडताळावर लावणं. मुलं येत, परीक्षेची पुस्तकं मागत, नूतनीकरण करत. माझा आवाज नेहमीसारखा निघतो हे मला कळत होतं. घरी गेले की गॅसचं बटण बघायची. मग बसायची.

तरी एक गोष्ट मनात कडेला उभी असायची. ते परत फिरले होते. सगळे वर जात असताना, थकवा नसताना, दोर पुढे लावलेला असताना ते 'बस' म्हणाले आणि वळले. सगळ्या गावानं मिळून त्यांना पुन्हा वर नेऊन ठेवलं होतं. माझ्याकडे यायला निघालेला माणूस कमानीवर टांगला होता, दुसऱ्याच कुणाच्या तरी पायांवर उभा. मला त्याचा राग आला असं म्हणता येणार नाही. राग यायला हवा होता, इतकंच समजत होतं.

वर्षश्राद्ध झालं. त्या दुपारी पाहुणे गेल्यावर आम्ही तिघं पडवीत बसलो होतो. आत्या सुपात हुलगे पाखडत होत्या. भाऊजींनी कार्यक्रमाचं काढलं. वर्षभर घरात मंगल काही करायचं नव्हतं, आता मावंदं घालायला हरकत नव्हती. त्यांनी ते मोठं योजलं होतं. गावजेवण, मांडव, तालुक्यातले पुढारी, सत्कार.

"सत्कार कुणाचा?" मी विचारलं.

"तुमचा. दादाच्या वतीनं. पूजंला मी आन् माझी मंडळी बसू. तुमाला कायबी करायचं न्हाय वैनी, फकस्त नारळ आन् शाल घ्यायची."

आत्यांनी सूप खाली ठेवलं. "आदी मला एक सांग," त्या मला म्हणाल्या. भाऊजींकडे त्यांनी बघितलंही नाही. "मावंदं पुऱ्या यात्रंचं असतंय. अर्ध्या यात्रंचं घालत न्हाईत, घातलं तर जानाऱ्याला लागत न्हाय. समदी म्हनत्यात वर गेल्ता. तू तितं हुतीस. गेल्ता का?"

एका वर्षात विचारला गेलेला हा पहिला प्रश्न. मी त्याची वाट बघत होते का, मला माहीत नाही. उत्तर मात्र तयार होतं.

"नाही आत्या."

"वैनी, फोटो हाय," भाऊजी म्हणाले.

"तो दुसरा माणूस आहे. जॅकेटं सगळ्यांची सारखी होती."

"दादा हाय त्यो. मी वळखत न्हाय व्हय माझ्या भावाला?"

"तुम्ही त्यांचं तोंड बघितलंत का त्यात?"

ते उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा पडलेला होता आणि त्यात मला पहिल्यांदाच यांची हनुवटी दिसली. "मंग इतके दिस बोलला का न्हाई? गावाला काय सांगू मी आता?" त्यांनी चप्पल पायात सरकवली आणि रानात निघून गेले. थोड्या वेळानं विहिरीवरच्या मोटारीचा आवाज सुरू झाला. पाण्याची पाळी आमची नव्हती.

आत्या हुलगे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "भ्याला का?"

"नाही. वाटाड्यानं विचारलं त्यांना, थकलात का. तर म्हणाले, थकलो नाही, बस झालं."

"असं म्हनला?"

"हो. आणि म्हणाले, बायको खाली बसली आहे."

त्यांनी सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. "म्हंजी घरला यायाला निघाला हुता."

"हो."

"लहानपनी जत्रंला गेला तरी दिस मावळायच्या आत घरी. तमाशा सुरू बी झाला नसायचा आन् ह्यो दारात. पोरं हसायची त्याला. मी बी हसायची." त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं. "मला कुनी सांगितलंच न्हाय. मी आपली वरीसभर त्याला वरच बघत हुते. थंडीत."

त्या रडल्या नाहीत. मीही नाही. हुलगे पाखडून होईपर्यंत आम्ही तशाच बसून होतो. मग मी ते डब्यात भरले.

मावंदं नाही, असं त्यावरून मी धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बारामतीची एसटी धरायला निघाले तर आत्या म्हणाल्या, "पुढल्या रविवारी ये. मावंदं हाय."

"कुणाचं?"

"तुजं."

"आत्या, असं कसं?"

"का? तू जाऊन आलीस न्हवं तुज्या त्या कॅम्पाला? जितवर जायचं हुतं तितवर गेलीस, आन् माघारी आलीस. पुरी झाली की तुजी यात्रा."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांनी फलेक्स लावला तवा मी काय बोलले का?"

मांडव घातला नाही. भावकीतली माणसं आणि आळीतल्या काही बायका होत्या. पुरणपोळी, येळवणीची आमटी, भात, कुरडई. भाऊजी सकाळपासून चुलीवरच्या मोठ्या पातेल्यापाशी होते आणि माझ्याशी बोलत नव्हते. बायका दारात घुटमळत होत्या. यात्रेहून आलेल्या सवाशिणीचे पाय धुतात, हळदीकुंकू लावतात. माझं काय करायचं हे कुणालाच कळत नव्हतं. कुणीतरी हळू आवाजात विचारलंही, "आत्याबाई, असं चालतंय का?"

"न चालाया काय झालं? पाय हायेत की तिला," आत्या म्हणाल्या.

त्या खाली वाकल्या. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे वेळ लागला. तांब्यातलं पाणी त्यांनी माझ्या पायावर घातलं आणि पदरानं पुसलं. पाणी कोमट होतं. सासूनं पाय धुवायचे हे काही बरोबर नाही, हे मला कळत होतं आणि मी पाय मागे घेतले नाहीत. काहीतरी वाटेल म्हणून मी थांबून राहिले. पाण्याचा कोमटपणा तेवढा वाटला. मग मी आत गेले आणि पंगतीला वाढायला लागले. आत्यांनी हाताला धरून मला पानावर बसवलं.

भाऊजी आमटी वाढत आले. माझ्या पानापाशी थांबून म्हणाले, "वैनी, शेवटाला त्यो वाटाड्या संगं हुता न्हवं? एकटा न्हवता दादा?"

"एकटे नव्हते. तो होता."

"बरं," ते म्हणाले. मग त्यांनी आमटी वाढली, आणि पुन्हा वाढली. मी पुरे म्हणून हात आडवा धरला तेव्हा थांबले.

जेवणं झाल्यावर मी मागच्या दारी हात धुवायला गेले. गोठ्याशेजारी कडब्याची गंजी होती. तिच्यावर झेंडूच्या माळांचा फ्लेक्स झाकण म्हणून घातला होता, छापलेली बाजू खाली, पांढरी वर. कडांना दगड ठेवले होते. काळ्या कडांचा फ्लेक्स पावसाळ्यातच वाऱ्यानं फाटून गेला होता.

गावात अजूनही कुणी कुणी म्हणतं, आमच्या गावचा माणूस हिमालयाच्या माथ्यावर गेला होता. भाऊजी समोर असले तर सांगतात, "माथ्याव न्हाय. आलीकडनं फिरला." पुढे कुणी विचारलं तर विषय बदलतात.

मी बारामतीत राहते. कामावर जाते. महिन्यातून एकदा शनिवारी दुपारची एसटी धरून गावी जाते आणि सोमवारी पहाटे परत येते. आत्यांना आता कमी दिसतं, म्हणून सुपातले खडे मी बघते. आम्ही फार बोलत नाही. ते घरी यायला निघाले होते, हे आम्हा तिघांना माहीत आहे. बाकी काही राहिलेलं नाही.